सभेआधी लिहिलेलं पान

स्वरूपा हल्ली फोन पालथा ठेवते.

कुणाला सांगितलं तर हसतील. तीस वर्षांची मुलगी फोन कसा ठेवते यावरून आईची झोप उडावी, असं त्यात काय आहे? पण मला माझी मुलगी माहीत आहे. आजवर तिचा फोन घरात कुठेही पडलेला असायचा. पिठाच्या डब्यावर, न्हाणीच्या खिडकीत, पप्पांच्या उशाशी. वाजला की जो जवळ असेल त्याने उचलायचा. गेल्या शनिवारपासून तो सतत तिच्या हाताशी असतो आणि तोंड खाली. मी जवळून गेले तरी तिचा पंजा त्यावर जातो.

आधी मनात तेच आलं, जे कुठल्याही आईच्या येईल. मुलगा असेल. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मुलाचा फोन आला की मुलगी उठून अंगणात जाते. स्वरूपा उठत नाही. ती जागेवर बसून राहते आणि वहीत लिहून घेते.

स्वरूपा बारामतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि उन्हाळ्यात तोही नाही. निकिता नावाच्या दुसऱ्या एका प्राध्यापिकेबरोबर खोली घेऊन राहते. शनिवारी दुपारी वालचंदनगरच्या एसटीने येते, तिथून तिचे पप्पा मोटारसायकलवरून कळंबला घरी आणतात. पीएच.डी. झाली आहे. देश परराष्ट्र धोरणाचे निर्णय कसे घेतात आणि अभ्यासक त्या निर्णयांची उकल कशी करतात, हा विषय. कळंबमध्ये विषय सांगितला की लोक मान हलवतात आणि विचारतात, "मग परमनंट कधी व्हनार?"

हा विषय तिला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तो तिला माझ्या वडिलांच्या टेबलावर सापडला.

माझे वडील सावळाराम. निमगाव केतकीत सगळे त्यांना तात्या म्हणत. एका सहकारी साखर कारखान्यात ते कारकून होते, कारखान्याचं नाव लिहीत नाही. वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. ते इतिवृत्त तात्या सभेच्या आदल्या दिवशीच लिहायचे, पेन्सिलीने. विषय पहिला, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. विषय दुसरा, सर्वानुमते मंजूर. सभेत मंडपातली माणसं प्रत्येक विषयाला "मंजूर, मंजूर" असं ओरडायची. दुसऱ्या दिवशी तात्या त्याच अक्षरांवरून शाईचा पेन फिरवायचे आणि उरलेली पेन्सिल खोडून टाकायचे. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. बारा विषय, दोन तासांची सभा, इतकं भराभर लिहिणार कोण?

स्वरूपा आठ वर्षांची असताना गणपतीच्या सुट्टीत आजोळी होती. तिने ते पान पाहिलं.

"तात्या, सभा उद्या आहे ना?"

"व्हय."

"मग मंजूर झालं असं आत्ताच कसं लिहिलं?"

"हुतंय म्हनून लिहिलं."

"आणि नाही झालं तर?"

"मग खोडरबर कशाला असतंय, बाय?"

ती गप्प बसली असं तात्यांना वाटलं. ती गल्ली ओलांडून समोर दत्तोबांकडे गेली. दत्तोबांचा पानमळा होता. ते दारात खाऊच्या पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, लावत बसलेले असायचे आणि पोरांना पेरू द्यायचे. ही त्यांना म्हणाली, "आजोबा, उद्या सहाव्या विषयाला तुम्ही अनुमोदन देणार आहात."

"मी? सहावा विषय कंचा?"

"ते मला वाचता आलं नाही. जोडाक्षरं होती."

दुसऱ्या दिवशी भर सभेत सहावा विषय पुकारला आणि दत्तोबा उभे राहिले. "अध्यक्ष म्हाराज, या इषयाला मी अनुमोदन दिलंय आसं मला एका बारक्या पोरीकडनं कळलं. दिलंय तर दिलंय. पर इषय काय हाय तेवढं तरी सांगा."

आधी मंडप हसला. मग हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी विचारलं, आमची नावं कशाकशाला लिहिलीत तेही वाचून दाखवा. ध्वनिक्षेपक या हातातून त्या हातात गेला. सहावा विषय पुढे ढकलावा लागला.

आठवड्याने तात्यांची बदली गोदामावर झाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. पुन्हा इतिवृत्ताचं पुस्तक त्यांच्या हातात आलं नाही. त्यांनी नातीला बोटही लावलं नाही आणि कारणही सांगितलं नाही. तिला ते सतराव्या वर्षी कळलं, माझ्याच तोंडून. ती रडली नाही. सरळ तात्यांसमोर जाऊन बसली.

"मी सांगितलं नसतं तर सहावा विषय मंजूर झाला असता?"

"झाला असता."

"म्हणजे नुसतं आधी कळल्यामुळे निर्णय बदलला."

"निर्णय बदलला," तात्या म्हणाले, "आन माझं टेबल बी."

तो सहावा विषय पुढे का ढकलला गेला, तो आणला कुणी होता, कुणाला नको होता, हे ती कित्येक महिने तात्यांना खोदून खोदून विचारत होती. तात्याही सांगत. सभा होऊन नऊ वर्षं झाली होती, आता लपवायचं काय होतं? माझ्या मते तिचं खरं शिक्षण ते.

यानंतरची गोष्ट लिहायला मला जड जातं, पण ती लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एकविसाव्या वर्षी तिला दिल्लीला एम.ए.साठी प्रवेश मिळाला. घरात बैठक झाली. माझ्या सासूबाई प्रयागबाई, माझे यजमान रणजित आणि मी. स्वरूपाला चहा करायला आत पाठवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "दिल्लीला एकटी पोरगी? न्हाय." यजमानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना नाही म्हणायचं नव्हतं, ते मला दिसत होतं. मी एक शब्द बोलले असते तर ती गेली असती. मी म्हणाले, "आई म्हणतात ते बरोबर आहे." मला भीती वाटली होती, दुसरं काही नाही. चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा ठरलेलं होतं. तिला सांगितलं, सगळ्यांचं असं म्हणणं पडलं.

तीन वर्षांनी, पीएच.डी.ची पहिली टाचणं काढत असताना, तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी लिहून ते माझ्यापुढे सरकवलं. विषय: स्वरूपाला दिल्लीस न पाठविणे. सूचक: आजी. अनुमोदक: आई. हरकत: नोंद नाही. सर्वानुमते मंजूर.

"चेष्टा करतेस?" मी विचारलं.

"नाही गं. पद्धत बसते का ते बघतेय."

तेव्हा मी भेंडी चिरत होते. विळी आडवी केली एवढंच आठवतं.

मी स्वतः बारामतीलाच बी.ए. केलं आहे, पण परराष्ट्र धोरण मला समजलं ते कांद्यामुळे. आमच्या केळीच्या कडेला एकरभर कांदा असतो. निर्यातबंदी आली तेव्हा स्वरूपाचे पप्पा ओट्यावर बसून म्हणाले, "दिल्लीनं वाटोळं केलं."

"पप्पा, दिल्ली म्हणजे कोण?"

"दिल्ली म्हंजी दिल्ली. आपल्या घरात तुझी आजी असती तशी."

आतून सासूबाई ओरडल्या, "मी काय केलं?"

स्वरूपा हसली आणि सांगत बसली. पेपरात येतं की भारताने ठरवलं, चीनने ठरवलं. जणू देश म्हणजे एक शहाणा माणूस, नफा-तोटा बघून एका झटक्यात ठरवणारा. काही अभ्यासक तसं धरून चालतात, आणि पुष्कळदा जमूनही जातं. पण जवळ जाऊन बघितलं तर तो एक माणूस दिसत नाही. कचेऱ्या दिसतात. प्रत्येक कचेरी मागच्या वेळी केलं तेच पुन्हा करते, कारण फाईल त्याच वाटेने जायला सरावलेली असते. आणखी जवळ गेलं तर टेबलाभोवतीची माणसं दिसतात. शेतीवाला एकीकडे ओढतो, व्यापारवाला दुसरीकडे, परराष्ट्रवाला म्हणतो शेजारचा देश नाराज व्हायला नको. शेवटी जे निघतं ते त्यांच्यातल्या एकालाही हवं होतं तसं नसतं, आणि त्यालाच देशाचं धोरण म्हणतात. सगळ्यांत वर बसलेल्याला कोणती जुनी गोष्ट आठवते, कशाची भीती वाटते, तेही त्यात येतं.

"बंदी असताना काही देशांना कांदा गेला. त्यांनाच का गेला, हे मी शोधतेय," ती म्हणाली.

तिचे पप्पा म्हणाले, "सापडलं तर आपल्या कांद्याचं बी बघ."

ते तिने चार वर्षं शोधलं. निर्यातदारांना भेटली, दिल्लीत दोन निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी जाऊन आली. त्यातून एक लेख इंग्रजी नियतकालिकात छापून आला. अंक घरी आला तेव्हा सासूबाईंनी त्यावर लोणच्याची बरणी ठेवली. कॉलेजात दोघांनी अभिनंदन केलं आणि तिसऱ्याने विचारलं, नेमणुकीत याचे गुण किती धरतात? लेख वाचला कुणीच नाही.

आणि मग क्लारा आली.

क्लारा म्हणजे बाहेरच्या देशातल्या एका सल्लागार संस्थेतली बाई. तिने लिहिलं, तुमचा लेख मी तीनदा वाचला, चौदाव्या पानावरच्या मुद्द्यावर एक शंका आहे. स्वरूपाने ते पत्र मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. प्रश्नांवर टिपणं लिहून देण्याची आणि मानधनाची गोष्ट नंतर आली आणि ते घसघशीतही होतं, पण ती त्याला भुलली नाही. आपल्या चौदाव्या पानावर जगात कुणाला तरी शंका आली, याला भुलली. एवढ्या वर्षांत तिच्या कामाबद्दल तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

मला मात्र पहिल्या दिवसापासून काहीतरी खुपत होतं.

"त्यांच्यात ओळखीचं कोण आहे?" मी विचारलं.

"आई, संस्था आहे ती."

"असेल. पण तिथे आधी काम केलेलं, गेलेलं, आलेलं कुणी?"

"तू स्थळाची चौकशी करतेयस."

"स्थळ परवडलं. तिथं निदान मुलाच्या मामाचं गाव तरी कळतं."

ती हसून हसून लोळली. पण मी चौकशी केलीच. त्यांच्या संकेतस्थळावर बारा माणसांचे फोटो आहेत. सगळी हसरी, सगळी नीटनेटकी, आणि त्यांतल्या एकाचंही नाव दुसरीकडे कुठे सापडत नाही. फोन नंबर दिलेला आहे. मी चार वेळा लावला. प्रत्येक वेळी आमचे सगळे सहकारी कामात आहेत असं ऐकू येतं आणि फोन कटतो. एकदा स्वरूपा व्हिडिओवर क्लाराशी बोलत असताना मी मागून डोकावले. तिच्या मागे खिडकी, खिडकीत लख्ख ऊन. पुढच्या वेळी आमच्याकडे संध्याकाळ होती. ऊन तसंच, सावलीही तिथेच.

"ती खरी खिडकी नसते, चित्र असतं मागे," स्वरूपा म्हणाली. "सगळेच लावतात. आपलं घर लोकांना दाखवायचं नसतं."

"का दाखवायचं नसतं?"

"आई!"

इथे मला स्वतःचाही संशय येतो, तो लिहून ठेवते. दिल्लीच्या वेळीही मला असंच काहीतरी खुपत होतं आणि त्या खुपण्यात काही तथ्य नव्हतं. तिच्याबरोबरची एक मुलगी गेली, शिकली, आज मोठ्या जागेवर आहे. म्हणून या वेळी मी तोंड आवरलं. क्लाराला दोन टिपणं गेली. पुढच्या महिन्यात बँकॉकला एक चर्चासत्र आहे, जाण्यायेण्याचं तिकीट संस्थेचं. मी तिच्या पासपोर्टसाठी फोटो काढायला सोबत गेले होते. मीच तिची ओढणी सारखी केली.

मग गेला शनिवार.

निमगाव केतकीत माझ्या माहेरच्या शेजारच्या घराची वास्तुशांती होती. त्या घरातला अविराज दिल्लीला एका मंत्रालयात सहायक आहे. तो आणि स्वरूपा एका वयाचे, एकाच गल्लीत खेळलेले. पंगती उठल्या, आम्ही नव्या ओट्यावर बसलो. अविराजच्या हातात अजून पान होतं.

"मावशी, तुमच्या साखरेवरनं आमच्याकडं दोन खात्यांची जुंपलीय," तो मला म्हणाला. "एका छोट्या देशाला साखर द्यायची का नाही. आमचे साहेब म्हणतात द्या, माणूस जवळ राहील. दुसरं खातं म्हणतं, इथं भाव चढला तर शिव्या आम्ही खायच्या का?"

"टिपणी कुणी केली?" स्वरूपाने विचारलं.

"साहेबांनी सांगितली, मी टाईप केली. बघ, तुझ्या मित्राच्या हातनं परराष्ट्र धोरण चाललंय."

"शुद्धलेखन तपासलंस ना?"

"तू इथं बी मास्तरीणच का?"

सगळे हसले. मग ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. मोठ्या बैठकीआधी कुणाची बैठक आहे, कोणत्या वारी, कोण अडून बसलंय, कोण शेवटी मान तुकवेल. मी ते ऐकत होते आणि त्यात मला वावगं काहीच वाटलं नाही. आमच्याकडे असंच असतं. सोसायटीचा चेअरमन कोण होणार, हे मतमोजणीआधी पानटपरीवर ठरलेलं असतं आणि सगळ्यांना माहीत असतं. अविराज दिल्लीला गेला तरी ओटा त्याच्याबरोबर गेला. समोर लहानपणची मैत्रीण, जेवणावर बासुंदी झालेली. तो कशाला जपेल?

त्याच दिवशी घरी आल्यावर स्वरूपाचा फोन वाजला. तिने तो घेतला, लिहून घेतलं आणि पालथा ठेवला.

आज रविवार, त्या वास्तुशांतीला आठ दिवस झाले. संध्याकाळी ती बारामतीला गेली आणि तिची निळी प्लास्टिकची फाईल खाटेवर राहिली. स्वरूपा वस्तू विसरणारी मुलगी नाही. छत्री, डबा, चार्जर, आजवर काही विसरलेली नाही. म्हणून फाईल मला दिसावी असं तिच्या मनात होतं का, की खरंच घाई झाली, हे मला सांगता येत नाही. मी ती उघडली. माझं चुकलं असेल.

आत तीन टिपणं होती आणि प्रत्येकाला क्लाराची प्रश्नांची यादी टाचलेली. इंग्रजी मी सावकाश वाचते, पण वाचते. पहिल्या यादीत होतं: मागच्या बंदीच्या वेळी सवलत कोणत्या देशांना मिळाली आणि ती कशी ठरली. दुसरीत: एरवी अशा वादात कोणत्या खात्याचं चालतं. इथपर्यंत माझ्या मुलीचा प्रबंधच होता. हेच प्रश्न ती लोकांना चार वर्षं विचारत होती. तिसऱ्या यादीत लिहिलं होतं: सध्याच्या साखरेच्या प्रश्नावर विरोध कोण करतंय, तो मोडेल का, आणि विषय कोणत्या तारखेला वर जाईल. खाली, उत्तरावर बोलण्यासाठी सोमवारी सकाळी दहा.

पहिली दोन टिपणं शाईने लिहिली होती. स्वरूपा आजोबांसारखीच कच्चं पेन्सिलीने लिहिते आणि पक्कं शाईने. तिसरं पेन्सिलीत होतं. वार, खाती, अडून बसलेला माणूस, सगळं. समासात तिच्या बारीक अक्षरात: अ. कडून, वास्तुशांती.

ते पान हातात असताना मला पेढे आठवले.

मी पंधरा वर्षांची होते. निमगावच्या घरी एक पाहुणा आला. स्वच्छ कपडे, गोड बोलणं, माझी परीक्षा कशी गेली तेही विचारलं. सभा दोन दिवसांवर होती. त्याने पेढ्यांचा पुडा ठेवला आणि तात्यांना एवढंच विचारलं की अमुक विषयाला अनुमोदक कोण आहे. तात्यांनी पुडा उचलून त्याच्या पिशवीत परत ठेवला आणि त्याला एसटी स्टँडपर्यंत पोचवून आले. मी पेढ्यांसाठी फुरंगटले होते. तात्या म्हणाले, "सभा झाल्यावर आला आस्ता तर आक्खं बुक वाचाया दिलं आस्तं. चा पाजला आस्ता. आदी का यावं लागलं त्येला?"

एवढाच फरक आहे. स्वरूपा आणि क्लारा अगदी सारखं विचारतात: टेबलाशी कोण होतं, कुणी ओढलं, कोण नमलं. पण माझी मुलगी होऊन गेलेल्या निर्णयाचं विचारते. तो कसा झाला हे तिला सगळ्यांना सांगायचं असतं, छापून. क्लाराला अजून न झालेल्या निर्णयाचं हवं आहे आणि तिला ते छापायचं नाही. आधी कळलं की निर्णय बदलतो, हे जगात कुणाला ठाऊक नसेल तर नसो, स्वरूपाला ते सतराव्या वर्षापासून ठाऊक आहे. आणि टेबल कुणाचं बदलतं तेही. या वेळी गोदामावर जाणारा अविराज असेल. कदाचित गोदामावर भागायचंही नाही. कागदाच्या कोपऱ्यात त्याचं एक अक्षर आहे, पण लिहिणारीचं पूर्ण नाव वर आहे.

की मी पुन्हा तेच करते आहे? क्लारा कदाचित एखादी साधी नोकरदार बाई असेल. साखरेच्या व्यापाऱ्याला आधी भाव कळावा एवढंच तिचं काम असेल. बारा फोटोंमागे बारा खरी माणसं असतील. मला माहीत नाही. मी कळंबमध्ये बसले आहे आणि माझ्याजवळ एक फाईल आहे, चार न लागलेले फोन आहेत आणि एक न हलणारी सावली आहे.

जेवणं झाल्यावर मी फाईल धान्याच्या कोठीमागे लपवली. सापडली नाही तर उद्याचं बोलणं होणार नाही, असा विचार होता. तासाभराने परत काढली. पेन्सिलीचं पान लपवलं तरी तिच्या डोक्यातलं पान जाईल का?

मग अविराजला फोन करायचा विचार केला. त्याला सांगायचं, बाबा, तिला काही बोलू नकोस, बोललास ते खोटं होतं असं सांग. नंबर काढला होता. तो घाबरेल, तिला टाळेल, सगळं निमूट मिटेल. यजमानांनाही उठवून विचारलं.

ते अंथरुणावर उठून बसले. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अविराजला लाव. पोरीला कशाला कळाया पायजे? परस्पर मिटतंय."

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालंय?"

"काय न्हाय आई, झोपा," ते म्हणाले.

आणि मला ती बैठक दिसली. तीच तिघं. ती चहा करायला आत नाही, बारामतीला आहे, एवढाच बदल. सूचक पप्पा, अनुमोदक आई, हरकत नोंद नाही. उद्या तिला कळेल की अविराज फोन उचलत नाही, आणि का ते कधीच कळणार नाही.

"अविराजला नको," मी म्हणाले.

"मग कुनाला?"

मी फाईल घेऊन बाहेर आले. ते पुन्हा आडवे झाले, पण झोपलेले नाहीत. कूस बदलल्याचं ऐकू येतं आहे.

अडीच वाजलेत. सकाळपर्यंत थांबले तर मला दहा कारणं सुचतील आणि दहा वाजून जातील. मी स्वरूपाला आत्ता फोन करणार आहे. निकिताचीही झोपमोड होईल, होऊ दे. तिला सांगणार आहे की तुझी फाईल मी उघडली, तिन्ही याद्या वाचल्या, मग ती लपवली आणि परत काढली. मग विचारणार आहे, तिसरं पान शाईने लिहायचं की नाही ते तूच ठरव, पण ठरवण्याआधी अविराजला विचारलंस का? दत्तोबांना कुणी विचारलं नव्हतं.

ती चिडली तर चिडू दे. या वेळी हरकत कुणाची होती, ते तिला माझ्या तोंडून कळेल.

फोन चार्जिंगला लावला आहे. काढते आणि लावते.